कोकणात सहकुटुंब तंबू आणि फोर बाय फोर: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहता, नवी थार (चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर गाडी) घेतली आहे, मुलं पाच आणि नऊ वर्षांची, सोबत आई-बाबाही येणार. ऑस्ट्रेलियात समुद्राकाठच्या राष्ट्रीय उद्यानात लोक वाळूवरून गाडी नेतात आणि तिथेच तंबू ठोकतात, ते व्हिडिओ पाहिलेत. तसं कोकणात कुठे जमेल, डिसेंबरातल्या पौर्णिमेला जोडून रजा टाकावी का, आणि सामान काय घ्यावं? दापोली-गुहागर पट्ट्यात गाड्या घेऊन येणाऱ्या कुटुंबांना वाट दाखवणं आणि त्यांचे तंबू लावून देणं हाच माझा धंदा आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

वाळूवर गाडी कुठे नेता येईल? कुठेच नाही. आणि पौर्णिमेला येऊ नका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक क्वीन्सलँडमधल्या पूर्वीच्या फ्रेझर बेटावरचे असणार. तिथल्या मूळ रहिवाशांचं जुनं नाव त्या बेटाला २०२३ मध्ये अधिकृतपणे परत मिळालं. तिथे पूर्वेचा लांबलचक किनारा हा चक्क रस्ताच धरला जातो. गाडीचा परवाना वेगळा, तंबूचा वेगळा, वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि पूर्ण भरतीच्या आधी दोन तास व नंतर दोन तास गाडी काढू नका अशी तिथल्या उद्यान खात्याची सूचना. म्हणजे व्हिडिओत जे मोकळं रान दिसतं त्यामागे कागदपत्रांची चळत असते. आपल्याकडे ती व्यवस्थाच नाही. समुद्राकाठी तंबू ठोकून राहता येईल असं राष्ट्रीय उद्यान कोकणात नाही. संजय गांधी उद्यान मुंबईच्या पोटात, चांदोली सह्याद्रीच्या माथ्यावर. समुद्राच्या जवळचं म्हणावं तर रायगडातलं फणसाड अभयारण्य, १९८६ सालचं, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. आणि मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ सालचं, तिथे चाकांचं काही काम नाही. फणसाडला सुपेगावच्या बाजूने वनखात्याच्या परवानगीने राहायची सोय होते. शेकरू बघायचं असेल, मुलांना जंगल ऐकवायचं असेल, तर एक रात्र जरूर काढा. पण ते जंगल आहे, समुद्र नाही, आणि वनखातं सांगेल तिथेच गाडी उभी राहणार.

आता किनाऱ्याचं. दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे एखादी एसयूव्ही वाळूत रुतलेली असते आणि तिच्याभोवती गर्दी. काशीद असो, हरिहरेश्वर असो की आमचं कर्दे. पोलीस गुन्हे नोंदवतात, ग्रामपंचायती फलक लावतात, तरी हौस फिटत नाही. बंदी आहे म्हणून नेऊ नका, एवढंच सांगून मी थांबत नाही, कारण ‘सकाळी लवकर गेलो तर कोण बघतंय’ हे उत्तर मी फार ऐकलंय. दोन कारणं नीट समजून घ्या.

पहिलं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते आणि भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालून जाते. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, सगळीकडे. गावातले कासवमित्र पहाटे माग काढून अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, पण प्रत्येक घरटं त्यांना सापडेलच असं नाही. अंडी फार खोल नसतात. वरून दीड टनाची गाडी गेली की वाळू दाबली जाते, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर यायला लागतात तेव्हा त्यांना वाटच मिळत नाही. शिवाय चाकाचा खोल चर पिल्लाला ओलांडता येत नाही. ते त्यातून आडवं चालत राहतं आणि उजाडलं की कावळा, नाहीतर कुत्रा. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुलांना घेऊन एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला या. पिल्लं समुद्राकडे जाताना बघितल्यावर तुमचा नऊ वर्षांचा मुलगाच तुम्हाला वाळूवर गाडी घालू देणार नाही.

दुसरं कारण गाडीचं. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते आणि गाडी चालू असेपर्यंत तशी वागतेही. फोटोसाठी थांबलात की खेळ सुरू. लाट चाकापर्यंत येते, परत जाताना टायरच्या दोन्ही बाजूंची वाळू खरवडून नेते. चार-पाच लाटांत टायर रिमपर्यंत, मग ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी चॅसीवर बसते. चॅसी टेकली की चारही चाकांना ताकद आहे का दोनच, याने काही फरक पडत नाही, कारण चाकांवर वजनच उरलेलं नसतं. आणि पाणी एकाच चालीने चढत नाही. भरतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकंच येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा समुद्र वर येतो. पहिला तास ‘अजून लांब आहे’ म्हणण्यात जातो, दुसरा ट्रॅक्टर शोधण्यात, आणि ट्रॅक्टर येतो तेव्हा सीटपर्यंत खारं पाणी. त्यानंतर इंजिन वाचलं तरी वायरिंग वाचत नाही. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा येत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, आजच बघा.

आता पौर्णिमा. चांदणं, समुद्र आणि तंबू हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि मुलं बरोबर असताना नेमकी हीच तिथी सगळ्यात गैरसोयीची. आमच्याकडे भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक. हा हिशेब अंदाजाचा आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतो आणि खाडीत आत गेलं की उशीर लागतो, त्यामुळे नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. पण सहल ठरवायला एवढं पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती उंच, ओहोटी लांब. उत्तरेकडे, मुंबईच्या बाजूला, पाण्याचा चढ-उतार उधाणात चार-पाच मीटरपर्यंत जातो, दक्षिणेकडे मालवणच्या अंगाला तो निम्म्यावर येतो. तर पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती आणि मग सहापर्यंत ओहोटी. म्हणजे जेवून, जरा लवंडून, चारला मुलं पाण्यात उतरतात तेव्हा समुद्र ओढ्यासारखा मागे खेचत असतो. बुडण्याच्या बऱ्याच घटना याच ओढीत होतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी गेले, ते कोकणात अजून कोणी विसरलेलं नाही. शिवाय उधाणाची दुसरी भरती मध्यरात्री. तंबू किनाऱ्याच्या फार जवळ असेल तर पाणी तुम्हाला उठवायला येतं.

अष्टमीला सगळं उलटं. भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, मंद भरती, चढ-उतार कमी, दुपारी बाराला ओहोटी संपते आणि बारा ते सहा पाणी वर येत राहतं, म्हणजे मुलांच्या खेळायच्या वेळेला लाट किनाऱ्याकडे ढकलणारी. त्यातही वद्य अष्टमी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण चंद्र मध्यरात्री उगवतो आणि तोपर्यंत काळोख. डिसेंबर-जानेवारीत कधी कधी लाटा फुटताना निळसर चमकतात, नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे. पौर्णिमेच्या उजेडात ते दिसत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ओल्या वाळूत पाय आपटायला सांगा, पायाखाली ठिणग्या उडतात. दिसेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. आकाशातले तारे मात्र नक्की. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढा, डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या वद्य सप्तमी ते नवमीला कोणता शनिवार-रविवार लागतो ते बघा आणि रजा तिथे टाका. तरीही पोहणं कमरेच्या वर नाही, खाडीच्या मुखाजवळ अजिबात नाही, आणि एक मोठा माणूस कोरड्या कपड्यात काठावर उभा. मोबाइल खिशात, हातात नाही.

तंबू कुठे, तर आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीत. आमच्याकडे किनाऱ्याला लागून वाळूची उंचवट, तिच्यावर मर्यादवेल आणि केवडा, मागे सुरूचं बन आणि त्याच्याही मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाळूची उंचवट मोकळी सोडायची, वेल उपटायची नाही, तंबू तर नाहीच. केळशीची वाळूची टेकडी बघायला जरूर जा, पण पायाने. सुरूचं बन सावलीला उत्तम दिसतं आणि बरेच जण तिथेच तंबू टाकतात. पण ती लागवड बरेचदा वनखात्याची असते, परवानगी लागते, आणि खाली सुयांचा वीतभर थर असतो जो पेट्रोलसारखा पेट घेतो. मी कुटुंबांना तिथे ठेवत नाही. वाडीत मालकाशी बोलून जागा ठरवायची, पैसे आधी ठरवायचे, संडास-न्हाणी त्यांच्या घरची वापरायला मिळेल का हे पहिल्यांदा विचारायचं. तुमच्या आईला रात्री दोनदा उठावं लागत असेल तर बाकीची सगळी चर्चा या एका मुद्द्यापुढे फोल आहे. जेवण बहुतेक ठिकाणी घरचंच मिळतं. आई-बाबांसाठी त्याच घरातली एक खोली घ्या. दिवसभर सगळे एकत्र, रात्री त्यांनी कॉटवर झोपावं. तंबूत वाकून शिरणं गुडघ्यांना सोसत नाही आणि ते तोंडाने म्हणत नाहीत.

वाडीत तंबूची जागा निवडताना आधी वर बघा. सरळ वर. नारळाखाली तंबू म्हणजे सरळ मूर्खपणा. पिकलेला नारळ किलो-सव्वा किलोचा आणि उंची तीन मजल्यांची. सुकलेली झावळीही काही कमी वजनाची नसते आणि ती वाऱ्याशिवायही पडते. मालकाला विचारा, नारळ नुकते पाडून घेतलेत का. पाडले असले तरी दोन झाडांच्या मधली उघडी जागा घ्या. मग पायाखाली बघा. झाडांना पाणी कधी सोडतात हे कोणी विचारत नाही. पहाटे सहाला पंप चालू होतो, पाट भरून वाहतो आणि आळ्यांतून ओसंडलेलं पाणी तंबूच्या बुडाखाली येतं. पाटाच्या वरच्या अंगाला तंबू लावा, नाहीतर त्या दिवशीचं शिंपणं उशिरा करायला सांगा. गोड बोललात तर ऐकतात. तिसरं म्हणजे तांबड्या मुंग्या. आंब्याच्या, चिकूच्या फांदीला पानं शिवून केलेलं घरटं दिसलं तर तिथून लांब.

वारा दिवसा समुद्राकडून, रात्री उशिरा जमिनीकडून. म्हणून तंबूच्या दोऱ्या दोन्ही बाजूंनी ताणायच्या, एकाच बाजूने बांधलेला तंबू पहाटे फडफडून सगळ्यांना जागं करतो. रेताड जमिनीत लोखंडी खुंट्या धरत नाहीत. हातभर लाकडाच्या मधोमध दोरी बांधायची, लाकूड आडवं ठेवून फूट-दीड फूट खोल पुरायचं आणि वरची वाळू पायाने दाबायची. लाकूड नसेल तर गोणपाटात वाळू भरून पुरा. असा खुंटा काढायला दोन माणसं लागतात. दव मात्र चुकत नाही. बाहेरचं आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नका, आणि ओले टॉवेल रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी जास्त ओले मिळतील.

मग थारचं काय करायचं? तिचं काम आहेच, फक्त ते वाळूच्या मैदानात नाही. डांबरी रस्त्यावरून आगरापर्यंतच्या पाणंदी कित्येक ठिकाणी पुळणीच्या, म्हणजे भुसभुशीत वाळूच्या असतात, देवबाग-तोंडवळीकडे तर जास्तच. तिथे शिरण्याआधी टायरची हवा कमी करा. नेहमीची ३०-३५ पीएसआय असेल तर १८-२० वर आणा. टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगते. मग फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची), दुसरा गिअर, एकसारखा हलका पाय. थांबायचं तर उताराकडे तोंड करून थांबा, आणि ब्रेक मारू नका, गाडी आपोआप मंद होऊन थांबू द्या, म्हणजे चाकापुढे वाळूचा ढीग जमत नाही. कमी हवेवर स्टिअरिंग एकदम मोडू नका, टायर रिमवरून निसटतो. रुतलात असं वाटलं की पाय लगेच काढा. खाली उतरा, फावड्याने चाकांपुढची वाळू ओढा, झावळी किंवा रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायची खडबडीत फळी) घाला आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. पुढे जायचा हट्ट नको. ओढून काढायची वेळ आली तर दोरी चॅसीच्या टोइंग पॉइंटलाच लावा, बंपरला नाही, आणि मुलांना दोरीच्या लांबीच्या दुपटीहून लांब उभं करा. तुटलेली दोरी माणूस मारते. डांबरावर परत येण्याआधी पंपाने हवा भरा. बारा व्होल्टचा चांगला पंप ही तुमची सगळ्यात उपयोगी खरेदी. विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) वगैरे राहू द्या, इतक्यात गरज नाही.

दुसरं काम तांबड्या मातीच्या चढ-उतारांचं. वाड्यांकडे, सड्यावर (म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर) जाणाऱ्या वाटा जांभ्यातून खोदलेल्या असतात, वर सुटी खडी. उतरताना फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त), पहिला गिअर, ब्रेकवरचा पाय काढून इंजिनला गाडी धरू द्या. अवकाळी पाऊस पडून गेलेला असेल तर ही माती साबण होते, तेव्हा गाडी वरच ठेवा आणि चालत उतरा. आणि एक गोष्ट नव्या मालकांना शोरूममध्ये नीट सांगत नाहीत. तुमच्या गाडीची फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर वापरायची नाही. पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात, वळणावर त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, आणि तो ताण सगळा गिअरच्या यंत्रणेवर येतो. ताम्हिणी घाटात टू-हायच, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद.

तिसरं काम जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, या फेऱ्यांनी खाडीला घालायचे वळसे वाचतात आणि मुलांची करमणूक होते. पण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब, तीव्र आणि शेवाळलेला असतो. बोटीवर चढताना अर्ध्यात थांबायची वेळ आली तर पुढची चाकं घसरतात. ओहोटीच्या वेळी उताराच्या वरच फोर-लो लावून ठेवा, पुढची गाडी पूर्ण चढेपर्यंत हलू नका, आणि बोटीवर हँडब्रेक लावून गिअरमध्ये ठेवा. रात्री उशिरा फेऱ्या नसतात.

सड्यावर जायचा मोह तुम्हाला होणार, म्हणून थोडं सविस्तर. उघडा कातळ, समोर समुद्र, एकही झाड नाही, तंबूला आणि ड्रोनला अगदी योग्य वाटतं. दोन गोष्टी. एक, डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत कंबरभर आणि कुरकुरीत वाळलेलं असतं. तापलेल्या एग्झॉस्टची तुमची गाडी त्यात नेऊन दहा मिनिटं उभी केलीत तर खालून धूर येतो. असा एक वणवा वाऱ्यावर स्वार झाला की खालच्या हापूसच्या कलमांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि कलम धरायला लागायला वर्षं लागतात. मी सड्यावर गाडी नेतो ती वहिवाटीच्या वाटेने आणि फक्त उघड्या खडकावर उभी करतो. गवत चाकाखाली असेल तर पुढे. उतरल्यावर खाली वाकून एकदा बघतो, एग्झॉस्टला गवताचा बोळा अडकलाय का. दोन, कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर ती पसरली आहेत आणि २०२२ मध्ये त्यांची नोंद युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली. खोली काही बोटांची, वर माती-गवत. गाडी वरून गेली तरी ड्रायव्हरला कळत नाही. वाट सोडून कातळावर गाडी फिरवायची नाही, कारण तिथे अजून कोणी मोजली नाहीत अशी किती असतील ते कातळालाच ठाऊक. सडेही कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतात. बेडं (वाडीचं फाटक) उघडलंत तर मागे लावा, गडग्याचे, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाचे, दगड काढून वाट करू नका.

दगड काढू नका हे आणखी एका कारणासाठी. जांभ्याच्या फटीत फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, आणि अंगावर आलात तर करवतीसारखा आवाज करतं. मुलांना दगड उचलून चूल मांडायची फार हौस असते, ती मोठ्यांनी बूट घालून, काठीने दगड उलथून पुरवायची. रात्री संडासला जाताना विजेरी आणि बंद बूट, चपला नाहीत. सकाळी बूट उलटे आपटून मगच पाय घाला, विंचवाला तेवढीच जागा आवडते. तंबूची चेन कायम बंद. साप चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. लाल विंचू लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त घातक. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर मिनिटभर थांबू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिला त्यापासून या दंशातून माणसं वाचायला लागली, आणि कोकणातल्या डॉक्टरांना ते चांगलं माहीत आहे. तुमचं काम फक्त वेळेत पोचण्याचं. म्हणून मुक्कामी पोचताच मालकाला विचारून ठेवा: जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, आणि मोबाइलला रेंज कुठे येते.

शेकोटी करायचीच असेल तर वाडीच्या मालकाने दाखवलेल्या जागी, लहान. विझवताना वाळू टाकू नका, पाणीच टाका. वाळूखाली पुरलेले निखारे सकाळपर्यंत धगधगत असतात आणि वरून काही दिसत नाही. अनवाणी धावणारं पोर नेमकं तिथेच पाय देतं. स्वयंपाकाला छोटा गॅस, वाऱ्याच्या बाजूला गाडी आडवी लावून. हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघून ताजे बांगडे घ्या, पण पहिल्या रात्री मुलांना मऊ भात, मेतकूट, तूप. प्रवासाने पोट बिघडलेलं असतं. विहिरीचं पाणी किनाऱ्याजवळ मचूळ लागतं, पिण्याचे दोन मोठे जार घरून भरून आणा.

सामानात तंबू तुमच्या माणसांपेक्षा दोन जास्त माणसांचा घ्या, खाली जाड ताडपत्री, पंप, हवा मोजायचं मीटर, फावडं, दोन बोर्ड, चांगली दोरी, कपाळावरच्या विजेऱ्या, आणि त्यात लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. किनाऱ्यावर रात्री पांढरा झोत टाकू नका, कासवं परत फिरतात. छतावरचा दिव्यांचा पट्टा तर झाकूनच आणा.

वाट विचारलीत म्हणून: ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर बघून बागमांडल्याची फेरी, पलीकडे वेसवी, बाणकोट, वेळास, मग केळशी, आंजर्ले. दोन मुलं आणि दोन वयस्क माणसं असताना हे एका दिवसात मारू नका, पहिली रात्र दिवेआगर किंवा श्रीवर्धनला घरगुती खोलीत काढा आणि तंबू दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत लावा, उजेडात. परतल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, गाडी वर उचलून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. समुद्रापासून लांब उभी होती तरी धुवा, खारी हवा रात्रभर तिच्यावर बसलेली असते. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं चालवून ब्रेक कोरडे करा आणि मगच पार्किंगला लावा, नाहीतर सोमवारी सकाळी चाकं धरून बसतील.